सोलापूरचे औषधदान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांची ओळख आपल्या घरांत बालपणीच होते. त्यांतील औषधदान म्हटले की धर्मादाय दवाखाना, पावतीपुस्तक आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक डोळ्यांसमोर येतो. ते योग्यच आहे. त्या फलकांच्या आधारानेच कित्येक दवाखाने उभे राहिले. परंतु शेठ वालचंद हिराचंद यांच्या सोलापुरानेच असा एक डॉक्टर दिला, ज्याच्यापाशी देण्याजोगे द्रव्य नव्हते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. त्या सुमारास जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली होती. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. त्यांच्यासोबत बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि अठ्ठाविशीही न गाठलेले डॉ. कोटणीस. डॉ. चोळकर तर पन्नाशी उलटलेले. ज्या वयात माणूस जमलेला जम सांभाळतो, त्या वयात ते युद्धभूमीकडे निघाले, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथक मुंबईहून जहाजाने निघाले. सेवेची मुदत ठरली होती एक वर्षाची.

चुंगकिंग येथे असतानाच डॉ. कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. सहकाऱ्यांनी घरी परतण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही; दिलेला शब्द पुरा करावयाचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हा निर्णय सहजी पचणार नाही. वडील गेल्यावर मुलाने घराची जबाबदारी खांद्यावर घ्यावी, हीच आपली रीत. सोलापुरात त्या दिवसांत आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हा प्रश्न त्यांच्या थोरवीपुढे झाकून ठेवण्याचे कारण नाही. घराने दिलेली किंमतही त्या दानातच धरली पाहिजे.

१९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षी डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. पुढे प्रकृतीमुळे डॉ. अटलही परतले. डॉ. बसू मात्र १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. मुदत संपूनही डॉ. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. १९४० च्या लढायांत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करीत होते. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे याच आघाडीवर, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून, १९३९ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे पांढऱ्या भिंतींची इमारत नव्हे. शत्रू जवळ आला की रुग्णांसह मुक्काम हलवायचा, आणि जेथे थांबू तेथेच शस्त्रक्रियेचे टेबल मांडायचे.

चिनी भाषा ते इतकी शिकले की तिच्यातूनच विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवीत आणि पाठ्यपुस्तकही लिहीत. सैनिकांबरोबर आसपासचे गावकरीही दुखणीबाणी घेऊन त्यांच्याकडे येत. त्या सावळ्या परदेशी डॉक्टरला गावकऱ्यांनी दिलेले प्रेमाचे नाव होते ‘काळी आई’. शहाण्या घरगुती डॉक्टरलाही याहून मोठी पदवी मिळत नाही.

पथकातील प्रत्येकाच्या चिनी नावात ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले होते. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. रुग्णालयातील परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. अपस्माराचे झटके येत असूनही डॉ. कोटणीस यांनी काम थांबविले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहावयास घेतलेले दुसरे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. शांतारामांचे वडील जैन होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या चित्रपटामुळे सोलापूरचे हे नाव घरोघरी पोहोचले. पण पडद्यावरची कहाणी जेथे संपते, त्यापुढचेही थोडे सांगितले पाहिजे. यिनहुआनेही वैद्यकीय शिक्षण घेतले, आणि १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्यापूर्वीच, तो गेला. क्वो छिंगलान भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या आणि २०१२ मध्ये त्यांनीही जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी सोलापुरात डॉ. कोटणीसांच्या जन्मघरी स्मारक खुले झाले.