फुकटचें तिकीट आणि चुकलेलें विमान

विमानप्रवासांत साठलेल्या मैलांवर जें तिकीट मिळतें त्यास आपल्या घरांतून सर्रास 'फुकटचें तिकीट' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो; परंतु त्याच्या पायीं एका प्रौढ गृहिणीस परक्या मुलखांत सबंध रात्र खुर्चीवर बसून काढावी लागली, हें नुकतेंच आमच्या कानीं आलें. म्हणून या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या बाई आमच्या स्नेह्यांच्या घरांतील. सारें घर त्यांना काकू म्हणतें, म्हणून आम्हीहि तसेंच म्हणूं. त्यांची लेक स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरीं असते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठीं काकू निघाल्या. जांवयांनीं आपल्या नोकरीच्या प्रवासांत जमलेले मैल खर्चून त्यांचें तिकीट काढलें होतें. मुंबईहून युरोपांतील एका मोठ्या विमानतळापर्यंत एक विमान व तेथून गोटेनबर्गला दुसरें, असा बेत असून दोन्ही विमानें एकाच तिकिटावर होतीं. मुंबईचें विमान दोन तास उशिरां सुटलें. काकू तेथें उतरून पुढच्या दारापाशीं पोहोंचतात तों गोटेनबर्गचें विमान निघून गेलेलें!

काउंटरवरील मुलीनें तिकीट पाहिलें व सांगितलें, "हें मैलांवरचें तिकीट आहे. या प्रकारच्या जागा आज शिल्लक नाहींत. ज्या कंपनीनें तिकीट दिलें तिच्याशीं बोला." ती कंपनी तिसऱ्याच देशांतली. काकूंना इंग्रजी उत्तम येतें. शाळेंत त्यांनीं पंचवीस वर्षें शिकविलें आहे. अडचण भाषेची नव्हती, मनाची होती. लेकीच्या घरचें घेऊं नये हा जुना संस्कार. त्यांत तिकीट जांवयाचें, आणि तेंहि फुकटचें! दानाच्या गाईचे दांत मोजावयाचे तरी कसे? लेकीला अशा दिवसांत घोर नको म्हणून "विमान चुकलें, उद्यां येतें" एवढाच निरोप त्यांनीं धाडला. रात्रीं वाटीभर सूप पदरच्या पैशानें घेतलें आणि पहाटेपर्यंत त्या बसून राहिल्या. त्याच संध्याकाळीं गोटेनबर्गला आणखी एक विमान गेलें व त्यांत जागा रिकाम्या होत्या, हें मागाहून समजलें. दुसऱ्या दिवशीं जांवयांच्या खटपटीनें काकू पोहोंचल्या खऱ्या. पण लेकीस आदल्या रात्रींच दवाखान्यांत न्यावें लागलें होतें. आजीच्या आधीं नात येऊन पोहोंचली.

आतां मूळ प्रश्न असा कीं, हें तिकीट खरोखर फुकटचें असतें काय? अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं मैल जमविण्याची योजना सुरू केली आणि पाहतां पाहतां इतर कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. गिऱ्हाइकानें पुन्हा आपल्याच विमानांत बसावें हा त्यांतील हेतु. हे मैल जमतात तेव्हां त्यामागें विकत घेतलेलीं तिकिटें असतात, किंवा क्रेडिट कार्डावरील खर्च असतो, आणि त्या खर्चावरील मैल बँका विमान कंपन्यांकडून पैसे देऊन विकत घेतात. शिवाय मैलांवर तिकीट काढतांना कर व इतर आकार रोख भरावे लागतात तें निराळेंच. तेव्हां या तिकिटाची किंमत आगाऊ चुकती झालेली असते. ज्याची किंमत दिली तें दान नव्हे.

कायद्याचें मतहि असेंच आहे. युरोपीय संघाचा २६१/२००४ क्रमांकाचा नियम फेब्रुवारी २००५ पासून अंमलांत आला. फुकट अथवा जनतेस खुल्या नसलेल्या सवलतीच्या दरानें जाणाऱ्या प्रवाशांस तो लागू नाहीं, असें त्याचें तिसरें कलम सांगतें. मात्र कंपनीच्या नित्य प्रवाशांच्या योजनेंतून मिळालेल्या तिकिटांस तो लागू आहे, असेंहि तेंच कलम लगेच पुढें स्पष्ट करतें. म्हणजे काकूंच्या शेजारीं पूर्ण भाडें भरून बसलेल्या गृहस्थाचा जो हक्क, तोच काकूंचा. ताटकळणाऱ्या प्रवाशास वेळेच्या मानानें जेवणखाण, दोन दूरध्वनि, आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेलांतील खोली व तेथवर जाण्यायेण्याची सोय हीं कंपनीनें करावयाचीं असतात. दुसऱ्या विमानांत वरच्या वर्गाची जागा दिली तर त्याबद्दल जादा पैसेहि मागतां येत नाहींत.

पहिलें विमान थोडेंच उशिरां सुटलें असा बचाव पुष्कळदां ऐकूं येतो. त्याचा निकाल युरोपीय न्यायालयानें २०१३ सालीं लावला. ब्रेमेनहून पॅरिस व साओ पाउलो या मार्गानें पाराग्वेतील असुन्सिओनला निघालेल्या एका प्रवासिनीचें पहिलें विमान सुमारें अडीच तास उशिरां सुटलें. पुढचीं विमानें चुकत जाऊन ती अकरा तास उशिरां पोहोंचली. उशीर मोजावयाचा तो अखेरच्या मुक्कामास पोहोंचण्याचा, असा कौल न्यायालयानें दिला. तो तीन तास वा अधिक असल्यास भरपाई मिळते. साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासांत चार तासांहून अधिक उशीर झाला तर ती ६०० युरो असते. वादळासारखें असाधारण कारण असेल तर भरपाई मिळत नाहीं, पण जेवणखाण व निवारा तरीहि द्यावाच लागतो. भरपाई रोख अथवा बँकेमार्फत द्यावयाची असते. प्रवाशानें लेखी संमति दिल्यावांचून तिच्याऐवजीं कूपन देतां येत नाहीं.

मात्र या नियमाची हद्दहि ओळखून असावें. युरोपांतून सुटणाऱ्या कोणत्याहि कंपनीच्या विमानास तो लागतो. बाहेरून युरोपांत येणारें विमान युरोपीय कंपनीचें असेल तरच लागतो. काकूंचें तसें होतें. परंतु लेक गोटेनबर्गऐवजीं शिकागोस असती आणि काकू युरोपांत नुसतें विमान बदलून पुढें जाणार असत्या, तर हा नियम उपयोगीं पडला नसता. किशिनेवहून व्हिएन्नामार्गें बँकॉकला जाणाऱ्या प्रवासाबाबत तेथील न्यायालयानें २०२२ सालीं तसा निर्णय दिला आहे. अशा वेळीं १९९९ चा माँट्रियल करार आधारास येतो. भारत २००९ पासून त्यांत सामील आहे. उशीर टाळण्यासाठीं शक्य ते सर्व उपाय केले होते असें कंपनीस दाखवितां आलें नाहीं, तर उशिरामुळें झालेलें नुकसान तिनें ठराविक मर्यादेपर्यंत भरून द्यावें, असें त्याचें एकोणिसावें कलम आहे. त्यासाठीं झालेला खर्च सिद्ध करावा लागतो, म्हणून पावत्या जपाव्या. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

कायदा मागाहून उपयोगीं पडतो; काउंटरपाशीं तिष्ठत उभें असतांना व्यवहारज्ञानच कामास येतें. अशा वेळीं तीन गोष्टी ध्यानांत असाव्या.

पहिली, कोणाकडे जावें ही. प्रवासाच्या कांहीं आठवडे आधीं वेळापत्रक बदललें, तर ज्या कंपनीचे मैल खर्ची पडले तिच्याकडे जावें. परंतु प्रवासाच्या दिवशीं विमान चुकलें, तर ज्या कंपनीच्या विमानानें उशीर केला तिनेंच पुढची व्यवस्था करावी, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. मैलांवरच्या जागा राखीव व मोजक्या असतात ही अट तिकीट काढतांनाची आहे. कंपनीच्या उशिरानें अडकलेल्या प्रवाशास कोणत्याहि रिकाम्या जागेवर बसवितां येतें. एका काउंटरवर नकार मिळाला तर वरिष्ठांस भेटावें, आणि रांगेंत उभें असतांनाच घरच्या मंडळींकरवीं दूरध्वनीवरूनहि खटपट चालू ठेवावी.

दुसरी गोष्ट तिकिटाची. नव्या विमानाच्या यादींत नांव आलें म्हणजे काम झालें असें नव्हे. आरक्षण ही एक नोंद आणि तिकीट ही दुसरी. तिकिटाचा क्रमांक तेरा आंकडी असतो. दोन कंपन्यांचा संबंध आला कीं नांव यादींत असूनहि तिकीट जुन्याच विमानाशीं बांधलेलें राहतें, आणि मग ऐन दारापाशीं अडवणूक होते. यासाठीं "तिकीट नव्या विमानावर पुन्हा काढलें काय?" असें स्पष्ट विचारावें. परतीचा प्रवास शाबूत आहे ना, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरी गोष्ट कागदांची. बोर्डिंग पास, सामानाच्या चिठ्ठ्या आणि पावत्या घरीं येईपर्यंत टाकूं नयेत. उशिराचें कारण शक्य तर लेखी मागून घ्यावें.

याखेरीज घरांतूनच होणारी एक चूक आहे. मैलांवरचें तिकीट बहुधा मुंबई वा दिल्लीपासूनचें मिळतें, आणि नागपूरकर वा कोल्हापूरकर मंडळी मुंबईपर्यंतचें निराळें तिकीट काढून मोकळी होतात. दोन तिकिटें म्हणजे दोन स्वतंत्र करार. नागपूरचें विमान रखडलें म्हणून मुंबईची कंपनी थांबत नाहीं. प्रवासी आलाच नाहीं असें धरून ती पुढचा सारा प्रवास, बहुधा परतीसुद्धां, रद्द करूं शकते. घरीं म्हातारें माणूस एकटें निघणार असेल तर त्यास आदल्या दिवशींच मुंबईस नेऊन ठेवावें. आप्तांकडील एका रात्रीचा मुक्काम कोणास जड होत नाहीं.

काकू आतां परत आल्या आहेत. बोर्डिंग पास त्यांनीं पोथींत खूण म्हणून घालून ठेवले होते, म्हणून ते सांपडले. त्यांवरून जांवयांनीं अर्ज केला व कांहीं महिन्यांनीं ६०० युरो आले. ते काकूंनीं नातीच्या नांवें ठेवले. ती रात्र मात्र कोणत्याहि अर्जानें परत मिळावयाची नाहीं, हें त्यांनीं आम्हांस अगदीं शांतपणें सांगितलें. वरील तीन गोष्टी एका कागदावर उतरून तो त्यांनीं पासपोर्टाच्या पाकिटांत ठेवला आहे. आपल्या घरांतून कोणी वडील माणूस असा दूरच्या प्रवासास निघत असेल, तर त्याच्या पाकिटांतहि असा एक कागद घालावा. आणि निरोप देतांना तिकिटाचा उल्लेख करणें झाल्यास 'फुकटचें' हा शब्द तेवढा वगळावा, इतकीच आमची विनंति आहे.