विश्लेषण : साप चावल्यावर मोबाइलवर काय शोधावे? आणि काय सापडत नाही?

पावसाळा सुरू झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. भातलावणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून चिखलात असतात आणि रात्री अनेक घरांत जमिनीवरच अंथरूण पडते. साप चावला की पूर्वी आधी भगताकडे धाव घेतली जाई. आता अनेकदा त्याआधी मोबाइल हातात येतो आणि त्यावर मिनिटभरात दहा उपाय मिळतात. त्यातला खरा कोणता, हे कसे ओळखायचे? आणि ते ओळखण्याची जबाबदारी एकट्या रुग्णाच्या घरच्यांवर टाकून चालेल का?

प्रश्न किती गंभीर आहे?

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते. औषध आहे, तरीही माणसे दगावतात. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याआधी वाया गेलेला वेळ.

चुकीचे उपाय खरे का वाटतात?

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे पाला लावा, मंत्र म्हणा किंवा काहीच करू नका, अनेक माणसे आपोआप बरी होतात. श्रेय मात्र त्या पाल्याला मिळते. बरा झालेला माणूस व्हिडीओत ‘मला गुण आला’ असे प्रामाणिकपणे सांगतो. त्याच उपायाच्या भरवशावर घरी थांबून दगावलेला माणूस सांगायला येत नाही. म्हणून अनुभव कितीही खरा असला, तरी तो पुरावा ठरत नाही.

याउलट मण्यार फसवते. ती बहुधा रात्री, झोपेत चावते. जखम दिसत नाही, सूज येत नाही, फारसे दुखतही नाही. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, श्वास अडतो. ‘सूज नाही, म्हणजे विष नाही’ असा संदेश येथे जीवघेणा ठरतो.

संदेश पारखायचा कसा?

कोणत्याही संदेशाला एकच प्रश्न आधी विचारावा : हा रुग्णाला रुग्णालयाकडे नेतो, की घरी थांबवतो? ‘आधी हे करून बघा’ असे म्हणणारा व्हिडीओ कितीही लोकांनी पाहिलेला असो, तो बंद करावा. त्यानंतर पाहायचे ते असे : बोलणाऱ्याचे नाव, शिक्षण आणि संस्था दिलेली आहे का? काही विकले जात आहे का? ‘हमखास’, ‘शंभर टक्के’ असे शब्द आहेत का?

खरी माहिती लहान आणि साधी आहे. घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखमेवर चिरा देऊ नये, विष चोखू नये, बर्फ लावू नये. अंगठ्या, जोडवी, पैंजण, बांगड्या काढाव्यात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, रुग्णाला चालवू नये. सापाच्या मागे लागू नये. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ वर फोन करावा. गाडी यायला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

रुग्णालयात काय होते, हेही माहीत असावे. थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात भिनल्याचे कळते. लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. हे काम कोणताही व्हिडीओ करू शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा कृत्यांचा प्रचार-प्रसारही या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पण पाड्यावरचा भगत नजरेत येतो, हजारो मोबाइलवर फिरणारा व्हिडीओ मात्र येत नाही. शिवाय भगत हाकेच्या अंतरावर असतो आणि आपल्या बोलीत बोलतो. लोक त्याच्याकडे जातात ते केवळ अंधश्रद्धेमुळे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही.

खरी माहिती पाड्यावर का पोहोचत नाही?

ज्ञानाची कमतरता नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले संशोधन १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. कोकणातल्या खेड्यातले ज्ञान इंग्रजीतून लंडनला पोहोचले. त्या मानाने कसारा, डोळखांब किंवा धसईच्या परिसरातील पाड्यावर ते त्यांच्या भाषेत पोहोचवणे सोपे असायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेचे संकेतस्थळ सहा अधिकृत भाषांत आहे. त्यांत मराठी नाही. कातकरी, ठाकूर वस्त्यांवर तर छापील मराठीपेक्षा बोलीतला एका मिनिटाचा आवाजी संदेश अधिक उपयोगी पडेल.

मग मागणी काय असावी?

रात्री दोन वाजता घरच्यांना हवी असते ती वेगळीच माहिती : लस आत्ता कुठे आहे? डॉक्टर हजर आहेत का? जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे, की थेट मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे? मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवतो, लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते दाखवत नाही. ज्या पाड्यांवरून रुग्णाला पक्क्या रस्त्यापर्यंत झोळीतून आणावे लागते, तेथे चुकीच्या दवाखान्याकडे वळणे म्हणजे तास-दोन तास गमावणे.

औषधसाठ्याची नोंद ठेवण्यासाठी राज्यात ‘ई-औषधी’ ही संगणकीय प्रणाली आहे. त्या नोंदीतला सर्पदंश लसीचा एक रकाना आरोग्य केंद्रनिहाय, रोजच्या रोज, मराठीत लोकांसमोर ठेवायला फार मोठा निधी लागणार नाही. ठाणे जिल्हा परिषदेने पावसाळ्याआधी एवढे करावे आणि तोच तपशील ग्रामपंचायत व आशा सेविकांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज जावा. सरकारी माहिती जेथे रिकामी जागा सोडते, ती जागा अफवा भरते. लोकांना ‘खोट्या संदेशांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगण्याचा अधिकार खरी माहिती वेळेवर देणाऱ्यालाच असतो.

तोवर वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. साप चावण्याची वाट न पाहता आजच आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन किंवा आशाताईंना गाठून विचारावे : लस आहे का, रात्री कोण असते, फोन कोणाला करायचा? मिळालेला क्रमांक मोबाइलमध्ये साठवावा आणि गावाच्या गटावर टाकावा. पुढे पाठवण्याजोगा संदेश असेल, तर तो हाच.