सल्लागार हवा, पण ठेकेदाराच्या पंगतीतला नको

अमरावतीचा सुकळी कंपोस्ट डेपो आणि अकोल्याचे नायगावचे डम्पिंग ग्राउंड या दोन्ही जागा सार्वजनिक. दोन्हींवर वर्षानुवर्षांचा कचरा साचला, आणि जमिनीखाली काय मुरले ते वरून पाहणाऱ्याला कळत नाही. अशा जागांसाठी महापालिकांनी पर्यावरण सल्लागारांचे पॅनेल तयार ठेवावे, दर आधीच ठरवावेत आणि काम निघेल तेव्हा त्यांना बोलवावे, असे कुणी सुचवले की वऱ्हाडात पहिला प्रश्न ठरलेला: ‘काऊन बाप्पा, कचऱ्यालेही आता वकील लागते काय?’ प्रश्न खोचक आहे, पण मूर्खपणाचा नाही. सल्लागार या जमातीने आपली कीर्तीच तशी करून ठेवली आहे. तरीही मागणी रास्त आहे असे माझे मत आहे.

सर्वांत लाडका आक्षेप गाडगेबाबांच्या नावाने येतो. बाबा शेंडगावचे, त्यांची समाधी अमरावतीत. त्यांच्या भूमीत झाडू पुरे आहे, सल्लागाराचे थेर कशाला? झाडूची ताकद अकोल्याने जानेवारी २०१८ मध्ये दाखवली. हजारो माणसे मोर्णेच्या पात्रात उतरली, जलकुंभी काढली, आणि २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अकोलेकरांचे कौतुक केले. त्या श्रमाला कमी लेखणारा करंटाच. पण जलकुंभी पुन्हा आली. येणारच होती, कारण तिला पोसणारे नत्र आणि स्फुरद सांडपाण्यातून येत राहिले. श्रमदानाने दिसते ते निघते. डेपोतून पावसात झिरपणारा काळा द्रव दिसत नाही आणि घमेल्यात भरताही येत नाही. बाबांचे नाव पुढे करून पाणी तपासण्याचा खर्च टाळणे, हा बाबांवरच अन्याय आहे.

दुसरा आक्षेप: आमच्याकडे अभियंते आहेत की. आहेत, आणि त्यांच्यावर रस्ते, नाल्या, अतिक्रमणे, वर निवडणुकीची कामे लादलेली आहेत. पण मुद्दा वेळेचा कमी आणि विषयाचा जास्त आहे. खारपाणपट्ट्याचेच घ्या. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत भूजल मुळातच खारे. आता समजा, एखाद्या डेपोजवळच्या विहिरीत क्षार आणि क्लोराइड जास्त निघाले. बाहेरून आलेला तज्ज्ञ म्हणेल, कचऱ्याने पाणी नासले. इथला अधिकारी म्हणेल, हे तर आपले नेहमीचेच खारे पाणी, पाहून घेऊ. दोघेही चुकू शकतात. निसर्गाच्या खारेपणासोबत अमोनिया वाढत नाही, रासायनिक ऑक्सिजन मागणीही चढत नाही. कचऱ्याच्या झिरप्यासोबत दोन्ही वाढतात. म्हणून डेपोच्या वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची विहीर एकाच दिवशी तपासावी लागते, मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते. नमुना घेण्यातही शास्त्र आहे. धातू तपासायचे तर बाटलीत नायट्रिक आम्ल घालावे लागते, जैविक ऑक्सिजन मागणी तपासायची तर नमुना बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. अकोल्याच्या मे महिन्यात जीपच्या डिकीत दिवसभर तापलेल्या बाटलीचा अहवाल कितीही सुबक टंकलेला असला, तरी तो रद्दीच.

प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे ना, असे विचारणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येते. मंडळ नोटीस देणार, भरपाई आकारणार. त्यानेच महापालिकेला सल्ला द्यायचा म्हणजे न्यायाधीशाने आरोपीची बाजू मांडायची. नागपूरची नीरी जवळ आहे आणि नाव मोठे आहे. मात्र ती संशोधन संस्था आहे. सोमवारी सकाळी डेपोला आग लागली की दुपारी हजर होणे हे तिचे काम नाही. पॅनेलने केलेल्या कामाची उलटतपासणी तिच्याकडून जरूर करावी.

आता खरा आक्षेप. सल्लागार पैसे खातात आणि अहवाल देतात. यातले बरेचसे मी मान्य करतो. नेहमीची रीत अशी की प्रकल्प अहवाल बनवणाऱ्याला प्रकल्पाच्या रकमेच्या टक्केवारीने शुल्क. मग प्रकल्प फुगला तर सल्लागारही फुगतो, आणि ‘इथे काहीच बांधू नका, आधी माती तपासा’ असे सांगणारा उपाशी राहतो. रोग इथे आहे. त्याचा इलाज सल्लागार हद्दपार करण्यात नाही, त्याच्या पोटाचा प्रकल्पाशी असलेला संबंध तोडण्यात आहे. एका विहिरीच्या नमुन्याला अमुक, एका बोअरला तमुक, जागेवर एका दिवसाच्या हजेरीला इतके, असा दरकरार केला की टक्केवारीचा प्रश्नच उरत नाही.

बायोमायनिंगमध्ये तर या तिऱ्हाइताशिवाय चालूच नये. जुना कचरा उकरायचा, जिवाणूंचे द्रावण फवारून पट्ट्यांत पसरायचा, काही आठवडे उलथापालथ करायचा आणि मग फिरत्या चाळणीतून गाळायचा. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीकडे, दगडविटा भरावाला, आणि खाली उरते मातीसारखी बारीक भुकटी. ठेकेदाराला पैसे टनावर किंवा घनमीटरवर मिळतात. मग आधीचा ढीग किती होता, ओला किती होता, उरला किती, हे मोजणारा माणूस ठेकेदाराचाच असेल तर पुढचे सांगायची गरज नाही. त्या भुकटीचेही तसेच. शेतकरी ती खत म्हणून मागतात, फुकट मिळाली तर ट्रॉलीभर नेतात. घनकचरा नियम २०१६ प्रमाणे कंपोस्टमध्ये शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नव्हते. जुन्या शहरी कचऱ्यात बॅटऱ्या आणि रंगाचे डबेही असतात. प्रत्येक खेपेचा नमुना तपासल्याशिवाय ती माती कपाशीच्या वावरात जाऊ देणे हा गुन्हा मानायला हवा.

शिवाय प्रदूषण निविदेसाठी थांबत नाही. आग एप्रिलमध्ये लागते, झिरपा जूनमध्ये वाहतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समिती, कार्यादेश हे सगळे उरकेपर्यंत दिवाळी येते आणि विहिरीतले पाणी बदललेले असते. दर आधीच मंजूर असले तर उपायुक्तांच्या एका पत्रावर माणूस दुसऱ्या दिवशी जागेवर येतो.

अमरावती आणि अकोला ही शहरे शंभरेक किलोमीटरवर आहेत, प्रश्न सारखेच आहेत. दोघांनी मिळून एकच पॅनेल करावे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच मातीवर काम करते आहे. अमरावतीत विद्यापीठ आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पॅनेलवर येणाऱ्या खासगी संस्थेसोबत यांच्यातला एक माणूस असलाच पाहिजे. डेपोच्या ठेकेदाराकडून मागल्या काही वर्षांत एक रुपयाही घेतलेला सल्लागार नको. आणि प्रयोगशाळेचा मूळ अहवाल, त्याचा गुळगुळीत गोषवारा नव्हे, महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकला पाहिजे. या अटी गाळायच्या असतील तर मग माझाही या योजनेला विरोध समजावा.

एवढ्यावरही कुणाला घाई वाटत नसेल तर कायदा पाहावा. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हेळसांडीबद्दल महाराष्ट्राला १२,००० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी सापडला तर खर्च त्याचा. साधे कचरा डेपो या नियमांतून वगळले आहेत, पण घातक द्रव्य ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मिसळले असेल तर सूट संपते. मर्यादा ओलांडली की नाही हे सांगणार कोण? देशात १०३ दूषित जागा निश्चित झाल्या होत्या, आणि नियम आले तेव्हा त्यांतल्या फक्त ७ जागांवर सफाईचे काम सुरू झालेले होते.

तेव्हा दोन्ही शहरांतल्या नगरसेवकांना विनंती एवढीच. पुढच्या अर्थसंकल्पाच्या सभेत या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. आणि ते मागण्याआधी उभे राहून विचारा, की सुकळी आणि नायगावच्या आसपासच्या विहिरींचे मे महिन्याचे अहवाल सभागृहाच्या पटलावर कधी ठेवता.