केसांचा रंग आणि उंदराचं यकृत

पर्युषणाआधी सूनबाईने केसांच्या रंगाचा डबा पुढे केला. "आई, बघा, प्राण्यांवर चाचणी केलेली नाही असं लिहिलंय."

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदीच आहे. मग रंग घातक नाही हे कळतं कसं? एक उत्तर म्हणजे एम्स चाचणी. अमेरिकेत बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी ती १९७० च्या दशकात बसवली. हिस्टिडिन बाहेरून मिळाल्याशिवाय न वाढणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे, त्यांत रसायन घालायचं. हिस्टिडिनशिवायही ते भराभर वाढू लागले, तर रसायनाने त्यांचं जनुक बदललं. १९७५ मध्ये एम्स यांनी केसांचे १६९ रंग तपासले. १५० रंगांनी जनुक बदललं!

पण काही रसायनं यकृतात गेल्यावरच घातक होतात. म्हणून बशीत यकृताचा अर्कही घालतात, आणि तो बहुतेकदा उंदराचा. पंचेंद्रिय जीवच तो!

मी कॉमर्सवाली, जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एका यकृताच्या अर्कात अनेक बशा तपासून होतात. कॅन्सरच्या जुन्या चाचणीत एकेका रसायनाला शेकडो उंदीर आणि दोन वर्षं लागतात. हिंसा कमी झाली, शून्य नाही. डब्यावरच्या त्या ओळीत हा खर्च कुठेच दिसत नाही, हे मला खटकतं.

सूनबाईला म्हटलं, औषधासाठी ही चाचणी हवीच, तिथे मी हरकत घेणार नाही. रंगासाठी मात्र माझे केस पांढरेच राहू देत.

तिने डबा स्वतःच्या कपाटात ठेवला.