तंबाखू नाही, तरीही घशाचा कर्करोग

दाढी करताना मानेच्या एका बाजूला गाठ हाताला लागते. दुखत नाही, ताप नाही, गिळायला त्रास नाही. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू, गुटखा, विडी?’ ‘कधीच नाही.’ दोघांनाही हायसे वाटते. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, पाठोपाठ दुसरा. आपल्याकडे मानेतल्या गाठीला क्षयाची शंका येते आणि ती यायलाच हवी; पण कधी कधी गाठीची तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू होतात. यात मोलाचे महिने जातात.

महाराष्ट्रात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे मुख्य कारण आजही तंबाखूच आहे. पण ते इतके अंगवळणी पडले आहे, की ‘व्यसन नाही’ म्हटल्यावर चौकशीच थांबते.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, लोकांना माहीत आहे तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे. हे नाते उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. याच विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या खोल खाचांत दडतो. त्याची दोन प्रथिने पेशींच्या वाढीचा लगाम काढून टाकतात. मूळ गाठ लहान आणि लपलेली राहते, मानेतली गाठ आधी दिसते. अमेरिकेत घशाच्या या भागातल्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हा विषाणू आहे. भारतात हे प्रमाण बरेच कमी आहे, पण शून्य नाही.

म्हणून चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घसा नीट पाहून सुईने तपासणी करायलाच हवी. घशाच्या या भागात कर्करोग निघाला, तर तुकड्यावर पी-१६ ही चाचणीही मागावी. विषाणूमुळे झालेला कर्करोग उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात, आजार बराच वाढलेल्या रुग्णांपैकी विषाणू असलेले ८२ टक्के तीन वर्षांनी हयात होते. विषाणू नसलेले ५७ टक्के.

निदानानंतर घरात एक वेगळेच वादळ उठते. संसर्ग मुख्यतः मुखमैथुनातून होतो, हे कळले की नवरा-बायकोत संशय शिरतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. हा विषाणू अत्यंत सर्रास आढळतो, बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघून जातो आणि ज्यांच्यात टिकतो, त्यांना कर्करोग व्हायला काही दशके लागू शकतात. तो कधी, कुणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. डॉक्टरांनी हे दोघांना एकत्र बसवून सांगितले पाहिजे.

गर्भाशयमुखाची पूर्वावस्था तपासणीत सापडते. घशासाठी तशी तपासणीच नाही. उरते ती लस. पुण्यात तयार होणाऱ्या ‘सर्व्हाव्हॅक’ला मुली आणि मुलगे, दोघांसाठी परवाना आहे. सरकारी खर्चातून देताना मुलींना प्राधान्य हवे, यात वाद नाही. पण स्वतःच्या पैशाने मुलीला लस देणारे सुशिक्षित पालक मुलाला मागे ठेवतात, ते पटत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही ती द्यायला सुरुवात केली. आधी झालेला संसर्ग लस बरा करत नाही, म्हणून ती लवकर घ्यायची: नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात, पंधरानंतर तीन लागतात.