नौका मोजल्या, कोळणी कोण मोजणार?

समुद्रात मासळी किती आणि ती ओढणाऱ्या नौका किती, याचा मेळ घालायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम दोन लाख टन मासळी उतरली. ४५ वर्षांतला हा नीचांक. सवाल आहे तो कपात कोणाची आणि ती ठरवणार कोण, हा.

सागरी मासेमारी नियमन कायदा राज्यात १९८१ पासून आहे. सोमवंशी समितीच्या अहवालावरून २०१६ साली शासनाने पर्ससीनचे परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरवले. कागदावर हे ठीक. पण क्षमता म्हणजे नुसता परवान्यांचा आकडा नव्हे. इंजिनाची अश्वशक्ती, जाळ्याचा घेर, मासळीचे थवे शोधणारी यंत्रे हे सगळे धरले, तर एकच मोठी नौका कितीतरी होड्यांना भारी पडते. परवाने घटवून इंजिने वाढू दिली, तर ती कपात नव्हे, धूळफेक आहे.

किनाऱ्यावरच्या बायकांबरोबर काम करताना मला याची दुसरी बाजू दिसते. मासळी घटली की लिलावात व्यापारी बोली चढवतो आणि पाटीवाली रिकाम्या पाटीने परतते. सुकवायला बोंबील, जवळा मिळत नाही. नौका बंद करायची म्हटले की चर्चा होते परवानाधारकाच्या भरपाईची, आणि परवाना बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. मासळी निवडणारी, सुकवणारी, विकणारी बाई कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मोठे मालक म्हणतात, नौका कमी केल्या तर खलाशी उपाशी मरतील. हा कळवळा हिशेब चुकता करताना कुठे जातो? आणि समुद्रच रिता झाला तर खलाशी काय खाणार?

२०२३ मध्ये शासनाने पापलेटला राज्यमासा जाहीर केले. बिरुदाने पापलेट वाढत नाही!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. कपात अश्वशक्ती मोजून, सर्वांत मोठ्या नौकांपासून करा. पावसाळी बंदीत आणि कपातीनंतर मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या नावाने भरपाई द्या. परवाने ठरवणाऱ्या समित्यांत निम्म्या जागा या बायकांना द्या.

मैत्रिणींनो, हा प्रश्न ‘मच्छीमार बांधवांचा’ म्हणून सोडून देऊ नका. बांधव समुद्रावर जातात. पण ती मासळी घराघरांत पोचवणाऱ्या हातांना आज कायद्यात नाव नाही. ते मिळवायची लढाई आपलीच आहे.