दोन किलोवॅटची सूट कोणासाठी?

विजेच्या धक्क्याने घरात माणूस दगावू नये यासाठी देशात नियम आहे, आणि तो चांगला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार घरगुती वीजजोडणीवर गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन हवे आणि 30 मिलिअँपिअर गळतीला ते तुटले पाहिजे. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. जुन्या वायरमनच्या तोंडी अजून ईएलसीबी आहे. मात्र याच नियमात एक सूट आहे. 250 व्होल्टपर्यंतच्या ज्या जोडणीचा भार 2 किलोवॅटपेक्षा कमी, तिला हे साधन सक्तीचे नाही. 2010 च्या विनियमांत ही मर्यादा 5 किलोवॅट होती, नंतर ती 2 वर आली आणि 2023 च्या नव्या विनियमांनीही ती कायम ठेवली. गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावात घरगुती मीटरचे कोटेशन भरताना मंजूर भार बहुधा एक किलोवॅटच्या आतच दाखवला जातो. त्यामुळे पुण्या-संभाजीनगरच्या सदनिकेला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते त्वरितादेवीच्या या गावातल्या पत्र्याच्या घराला मिळत नाही. ही सूट रद्द झाली पाहिजे.

भार कमी तर धोका कमी, हा या सवलतीमागचा समज आहे. वायर तापून आग लागण्यापुरता तो खरा आहे; माणसाच्या जिवाबाबत तो साफ चुकीचा आहे. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्याच्यातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी पुरतो. घराच्या बोर्डातला सहा अँपिअरचा एमसीबी याच्या सव्वीसपट प्रवाहापर्यंत हूं की चूं करत नाही, कारण तो वायर वाचवण्यासाठी बनवलेला आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे समाधानाने सांगणाऱ्या सुशिक्षित घरांनाही हा फरक ठाऊक नसतो, आणि तो समजावून सांगण्याची तसदी फारशी कोणी घेत नाही. पाचशे वॅटचा मिक्सर असो वा दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी, मारायला दोन्ही सारख्याच समर्थ.

उपकरणे चांगली घ्या म्हणजे झाले, असे यावर सांगितले जाते. उपकरणांचे नियम नाहीत असे मुळीच नाही. 2003 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने अनेक घरगुती विद्युत उपकरणांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. मिक्सरसाठी आयएस 4250 आहे, पाणी तापवायच्या रॉडसाठी आयएस 368 आहे. पण धातूचे अंग असलेल्या बहुतेक उपकरणांची सुरक्षितता तिसऱ्या, जाड पिनेवर उभी असते. आतले आवरण फाटून फेज अंगाला लागला, तर तो त्या पिनेतून जमिनीत उतरावा आणि फ्यूज उडावा, हे गृहीत धरूनच ते मानक लिहिलेले असते. ती पिन घरात कुठे जाते? विनियम सांगतात की वीज देणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत पुरवठ्याच्या आरंभबिंदूजवळ अर्थिंगचे टर्मिनल द्यावे. गावाकडच्या घरात खांबावरून येतात त्या दोनच तारा, फेज आणि न्यूट्रल. सॉकेटचे वरचे मोठे भोक अनेकदा केवळ शोभेचे असते. पुष्कळदा तर तीन पिनांचा प्लगच कापून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी भोकात ठासल्या जातात.

तरीही एखाद्याने पदरमोड करून अर्थिंग केले, तर मराठवाड्याची जमीन साथ देतेच असे नाही. अर्थिंगला ओल लागते. उन्हाळ्यात काळी माती आकसते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या दांड्याची मातीवरची पकड सुटते. अशा वेळी अर्थिंगचा रोध 30 ओहमपर्यंत चढला, तर पूर्ण दोष झाला तरी साडेसात अँपिअरच्या आसपासच प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी तसाच उभा राहील आणि फ्रिजचे दार जिवंत राहील. गळतीवर चालणाऱ्या साधनाला मात्र एवढा मोठा प्रवाह लागत नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते; दोन्हींत फरक पडला की तोडते. गळती 150 मिलिअँपिअर असेल तर मानकानुसार 0.04 सेकंदात तोडावे लागते. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण स्वयंपाकघरातला नेहमीचा अपघात तसा नसतो. खेड्यातल्या जुन्या घरात मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच असते, बादलीत रॉड टाकलेला असतो, बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळीवर क्षारांचा थर चढलेला असतो, आणि पाणी तापले का हे पाहायला हात बटण बंद करण्याआधी बादलीत जातो. तिथे प्रवाह माणसातून जमिनीत उतरतो, आणि नेमकी तीच वाट हे साधन ओळखते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत 2019 ते 2021 या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मेल्याची नोंद आहे. शेतातले, खांबावरचे आणि घरातले मृत्यू त्यात एकत्र आहेत, म्हणून त्यातून फार नेमके निष्कर्ष काढू नयेत. अमेरिकेचा अनुभव मात्र उपयोगी आहे. चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकाने 1961 मध्ये असे साधन तयार केले. तिथल्या वीजसंहितेने ते 1971 पासून पोहण्याच्या तलावांजवळ, 1975 मध्ये स्नानगृहात आणि 1987 मध्ये स्वयंपाकघरातल्या बेसिनजवळच्या सॉकेटला सक्तीचे केले. पाणी कुठे आहे, हे पाहून तो नियम पुढे सरकत गेला. आपल्याकडे नियमाची नजर मंजूर भारावर आहे.

शिवाय तो मंजूर भारही आता कागदापुरता उरला आहे. केंद्राच्या एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेडने नोव्हेंबर 2023 मध्ये वीस लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. धूर हटावा हा हेतू स्तुत्यच आहे. पण दोन हजार वॅटची शेगडी जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते; सहा अँपिअरच्या सॉकेटची ती कुवत नाही. 2017 च्या ‘सौभाग्य’ योजनेत गरिबाच्या घरी मीटर, एका दिव्याचे वायरिंग आणि एक एलईडी बल्ब दिला गेला. त्या एका दिव्याच्या होल्डरवरून पुढे पंखा, मोबाइल, मिक्सर असा संसार वाढत गेला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घर दिवाळीनंतर चार-पाच महिने बंद असते. त्या काळात उंदरांनी वायर कुरतडली की नाही, हे परतल्यावर बटण दाबूनच कळते.

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे. घरगुती आरसीसीबीला ढोबळमानाने दीड-दोन हजार रुपये पडतात आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला ते जड आहेत. पण म्हणूनच ते त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. मीटरचा खर्च जसा यंत्रणेचा भाग मानला जातो, तसाच याचा मानावा. महावितरण राज्यभर टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारे, मीटर बसवतच आहे; कर्मचारी घरोघरी जातो, पुरवठा बंद करतो, पेटी उघडतो. त्याच फेरीत हे साधन बसवले तर मजुरीचा वेगळा बोजा पडत नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता देताना शौचालय पाहिले जाते, तसे अर्थिंगही पाहिले जावे.

दुसरा आक्षेप वायरमन मंडळींचा आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे: पावसाळ्यात भिंती ओलावल्या की हे साधन वारंवार पडते, घरचे वैतागतात, मग कोणीतरी ते बाजूला सारून थेट जोडणी करतो. हे घडते. पण ओल्या भिंतीतून गळती होत असेल तर ते साधन खरेच बोलत असते. दोन जोडण्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतील तरीही ते पडते, आणि तो दोष वायरिंगचा असतो. म्हणून नुसती पेटी वाटून भागणार नाही. जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो अनेकदा घर न पाहताच सहीसह मिळतो, हे कोणापासून लपलेले नाही. त्यावर रोधाचे खरे मोजमाप लिहिलेले असावे आणि विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाने दर तालुक्यात काही रिपोर्ट प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळावेत. आहे त्या मनुष्यबळात सगळे तपासणे शक्य नाही, पण काही तपासले जातात एवढी खबर पसरली तरी सह्या सावध होतील. राज्य वीज नियामक आयोगाने पुढच्या दरनिश्चितीत या साधनाचा खर्च स्वतंत्रपणे मांडायला महावितरणला सांगावे, दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वाटा शासनाने उचलावा, आणि केंद्रीय प्राधिकरणाने विनियमांतले 2 किलोवॅटचे ते वाक्य खोडावे.